दिवाणखान्यात सुतार, झोपायच्या खोलीत लेथ!

दोस्तांनो, तुमच्या घरी कधी ‘काम काढलंय’ का? म्हणजे रंगकाम, फरशी बदलणं, स्वयंपाकघराचा ओटा नवा करणं, असलं काहीतरी? काढलं असेल तर पुढचं चित्र तुम्हाला वेगळं सांगायला नको. कपाट गॅलरीत, गाद्या जेवणाच्या टेबलावर, साखर कुठल्या डब्यात आहे ते फक्त आईला ठाऊक. बाबा मिस्त्रींच्या मागे, आई पसाऱ्याच्या मागे आणि तुम्ही हरवलेल्या स्ट्रायकरच्या मागे! पंधरा दिवसांत होणारं काम दिवाळी गाठतं. तोवर तुमचे रंग-ब्रश, ताईची बाजाची पेटी, आजोबांचा बुद्धिबळाचा पट, सगळ्यांची रवानगी माळ्यावर.

अशा वेळी घरात एक भांडण हमखास होतं. ‘घराचं काम चाललंय आणि तुला छंद सुचतायत?’ असं कुणीतरी म्हणतं. कधी याच्या उलटही होतं बरं का! एकाचाच छंद असा घरभर पसरतो, की बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही.

आज तुम्हाला अशाच एका घराची खरीखुरी गोष्ट सांगणार आहे. घर इंग्लंडमधलं, बाथ नावाच्या गावातलं. काळ अडीचशे वर्षांपूर्वीचा. या घराच्या मागच्या बागेतून एका माणसानं सूर्यमालेतला एक नवा ग्रह शोधून काढला. तेवढं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. पण त्या घरात जेवणाचं कोण बघत होतं, हिशेब कोण लिहीत होतं, पसारा कोण सोसत होतं, आणि ते सगळं करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या आवडीचं काय झालं? चला, आज जरा तिकडे बघू या.

दोन वर्षांचे मोजे

विल्यम हर्शेल मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. जन्म १७३८ सालचा. वडील लष्कराच्या बँडमध्ये ओबो नावाचं फुंकवाद्य वाजवायचे. विल्यमही त्याच बँडमध्ये वाजवायला लागला. पुढे १७५७ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि संगीताच्या जोरावर तिथं पाय रोवून उभा राहिला. बाथमधल्या एका चॅपलमध्ये तो ऑर्गन वाजवायचा, शिकवण्या घ्यायचा, गाण्याच्या मैफली बसवायचा. दिवस कसा गच्च भरलेला!

इकडे हॅनोव्हरमध्ये त्याची धाकटी बहीण कॅरोलिन घरकामात अडकली होती. तिचा जन्म १७५० चा. दहाव्या वर्षी तिला टायफसचा मोठा ताप आला. त्यातून ती वाचली, पण उंची खुंटली ती कायमची. मोठेपणीही ती जेमतेम सव्वाचार फूट होती. ‘मुलीला शिकवून काय करायचं? घरकाम आलं की झालं,’ असं तिच्या आईचं स्वच्छ मत होतं. वडील तिला चोरून थोडं व्हायोलिन शिकवायचे, तेही आईचा मूड बघून.

विल्यमला बहिणीच्या गळ्यात गाणं आहे असं वाटलं. १७७२ मध्ये तो तिला न्यायला आला. आई काही सोडेना. शेवटी मुलीच्या जागी कामाला बाई ठेवता यावी म्हणून विल्यमनं आईला दरसाल ठरावीक रक्कम देण्याची सोय केली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. आणि कॅरोलिननं काय केलं माहीत आहे? आपण गेल्यावर घरच्यांची अडचण नको म्हणून दोन वर्षं पुरतील एवढे मोजे आधीच विणून ठेवले! गाण्याचा सरावही ती आधीपासूनच करत होती. दातांत बोळा धरून, व्हायोलिनच्या सुरावटी गळ्यातून काढायच्या. घरात कुणी नसताना, गुपचूप.

बाथला आल्यावर तिचं शिक्षण सुरू झालं. सकाळी न्याहारी करता करता भावाकडून इंग्रजी आणि हिशेब शिकायचे, मग गाणं. बाजारहाट आणि घराचा जमाखर्च तिच्याकडे. बावीस वर्षांच्या कॅरोलिनला वाटलं, आता आपण गायिका होणार!

छंद घरात शिरला

पण झालं काय, की विल्यमला त्याच सुमारास आकाशाचं वेड लागलं. १७७३ च्या मे महिन्यात त्यानं खगोलशास्त्राचं एक पुस्तक विकत आणलं. मग एक छोटी दुर्बीण भाड्यानं आणली. तिच्यातून समाधान होईना. मोठी विकत घ्यावी तर तेवढे पैसे नाहीत. मग ठरलं, आपणच बनवायची! गावातल्या एका गृहस्थानं आरसे घासण्याचा आपला छंद सोडला होता. त्याची हत्यारं विल्यमनं विकत घेतली.

आरसे कशाला? सांगतो. दूरच्या ताऱ्यांचा मंद प्रकाश गोळा करायला एक तर काचेचं भिंग लागतं, नाहीतर खोलगट आरसा. मोठं निर्दोष भिंग बनवणं त्या काळी फार अवघड होतं. म्हणून विल्यमनं आरशाची दुर्बीण निवडली. हा आरसा आपल्या भिंतीवरच्या आरशासारखा काचेचा नव्हता बरं का! तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू वितळवून त्याची जाड तबकडी ओतायची, ती घासून घासून बरोबर खोलगट करायची आणि मग तिला झिलई द्यायची. आकार केसाइतकाही चुकला तरी तारा धुरकट दिसणार. शिवाय हा धातू हवेनं काळवंडतो, म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा झिलई!

आता हे सगळं करायचं कुठे? घरातच!

दिवाणखान्यात उत्तम फर्निचर होतं. तिथं सुतार येऊन बसला आणि दुर्बिणीची नळी नि स्टँड बनवायला लागला. विल्यमचा भाऊ अलेक्झांडर याच घरात राहायचा. त्यानं ब्रिस्टलहून एक भलंमोठं लेथ यंत्र आणलं आणि उभं केलं ते झोपायच्या खोलीत! घरातली जवळपास प्रत्येक खोली कारखाना झाली. कॅरोलिननं पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. हे सगळं बघून आपल्याला वाईट वाटलं, हे त्यात तिनं लपवलेलं नाही.

विल्यम तर इतका नादावला होता, की मैफलीचे कपडेही न बदलता कामाला लागायचा. त्याच्या बाह्यांच्या लेसच्या झालरी हत्यारात अडकून फाटायच्या, नाहीतर झिलईसाठी वितळवलेल्या राळेनं बरबटायच्या. ते निस्तरणार कोण? तुम्ही ओळखलंच असेल!

एकदा तर आरशाला शेवटची झिलई देताना त्यानं सलग सोळा तास आरशावरचा हात उचलला नाही. मध्येच थांबलं तर आकार बिघडेल ही भीती. मग जेवण? कॅरोलिन त्याला घास भरवायची. कंटाळा येऊ नये म्हणून शेजारी बसून ‘डॉन क्विक्झोट’ नाहीतर ‘अरेबियन नाइट्स’ वाचून दाखवायची. आणि तिचा गाण्याचा रियाज? तो उरलेल्या वेळात. उरला तर.

एक ग्रह आणि फुटलेल्या फरश्या

मधल्या काळात या मंडळींनी बाथमध्ये तीन-चार घरं बदलली. त्यातलं न्यू किंग स्ट्रीटवरचं १९ नंबरचं घर प्रसिद्ध झालं. १३ मार्च १७८१ च्या रात्री विल्यम या घराच्या मागच्या बागेत स्वतः बनवलेली सात फुटी दुर्बीण लावून तारे तपासत होता. मिथुन राशीच्या कडेला त्याला एक विचित्र ‘तारा’ दिसला. खरा तारा दुर्बिणीतून कितीही मोठा करून पाहिला तरी ठिपकाच दिसतो. हा मात्र मोठा मोठा होत गेला, छोट्या चकतीसारखा. चार दिवसांनी पाहिलं, तर तो जागेवरून सरकलेलाही होता!

विल्यमला वाटलं, धूमकेतू असावा. पण गणितज्ञांनी त्याची कक्षा मांडली आणि उलगडा झाला. हा होता शनीच्याही पलीकडचा ग्रह, युरेनस! बुध ते शनी हे पाच ग्रह माणसाला फार प्राचीन काळापासून ठाऊक होते. दुर्बिणीतून शोधून काढलेला हा पहिलाच ग्रह. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला ८४ वर्षं लागतात.

आता कुणालाही वाटेल, एवढं झाल्यावर घराला जरा उसंत मिळाली असेल. छे! विल्यमला आता तीस फूट लांबीची दुर्बीण हवी होती. तिच्यासाठी तीन फूट व्यासाचा आरसा. एवढा आरसा कुणी ओतून देईना. म्हणून त्यानं घराच्या तळमजल्यावरच भट्टी लावली. साचा होता माती आणि घोड्याच्या लिदीचा. ती लीद वाळवून खलात कुटायची, बारीक चाळणीनं चाळायची. ढीगच्या ढीग! हे काम कुणाकडे? कॅरोलिनकडे. अधूनमधून अलेक्झांडर हात लावायचा.

ऑगस्ट १७८१ मध्ये शेकडो पौंड धातू वितळवून साच्यात ओतला. थंड होताना आरशाला तडे गेले. पुन्हा तयारी, पुन्हा भट्टी. या वेळी भट्टीच गळायला लागली आणि लालभडक रस खालच्या दगडी फरशीवर पसरला. पुढच्या क्षणी फरश्या तोफेसारख्या फुटल्या! तुकडे थेट छताकडे उडाले. दगडात आणि दगडाखाली मुरलेला ओलावा असतो ना, एवढ्या उष्णतेनं त्याची एकदम वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट नसली की दगड फुटतो. विल्यम, अलेक्झांडर आणि कामगार जीव घेऊन दारांतून पळाले. विल्यम दमून विटांच्या ढिगावर कोसळला. नशीब, की कुणाला गंभीर इजा झाली नाही. त्या घरात आज हर्शेल संग्रहालय आहे. तिथल्या तळमजल्यावर त्या तडकलेल्या फरश्या अजूनही बघायला मिळतात.

(एक कानमंत्र. धातू वितळवण्याचे प्रयोग घरात करायचे नाहीत. युरेनस शोधून झालेला आहे!)

थांबलेलं गाणं

आता कॅरोलिनच्या गाण्याकडे वळू. ते खरंच चांगलं चाललं होतं. एप्रिल १७७८ मध्ये हँडेलच्या ‘मसाया’ या मोठ्या संगीतरचनेत ती मुख्य गायिकांपैकी एक म्हणून उभी राहिली. लोकांना तिचं गाणं आवडलं. तिला बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवाचं आमंत्रणही आलं. ती नाही म्हणाली. भाऊ जिथं संगीत चालवत असेल तिथंच गायचं, असं तिनं ठरवलं होतं.

आणि १७८२ मध्ये भावानंच संगीत सोडलं. राजानं त्याला वर्षाला २०० पौंड पगारावर आपला खगोलशास्त्रज्ञ नेमलं. पगार संगीतातल्या कमाईपेक्षा कमीच, पण आता रात्रभर आकाश बघता येणार होतं! विल्यम राजवाड्याजवळ डॅचेट गावी निघाला. कॅरोलिनही निघाली. तिचं गाणं तिथंच थांबलं. त्या वेळी ती बत्तीस वर्षांची होती. ‘तुला काय वाटतं?’ असं तिला कुणी नीट बसून विचारल्याचं दिसत नाही. आपल्याला आता खगोलशास्त्रातली मदतनीस बनवणार आहेत, हे तिला तिथं गेल्यावर कळलं.

डॅचेटचं घर जुनं आणि मोडकळीला आलेलं होतं. पण विल्यम खूश! तबेला आरसे घासायला फार छान, कपडे धुण्याची खोली वाचनालयाला उत्तम! कॅरोलिन बिचारी बाजारभाव विचारून आली आणि तिचं धाबं दणाणलं. एवढ्याशा पगारात घर कसं चालवायचं?

रात्री विल्यम दुर्बिणीशी आणि कॅरोलिन कागद-घड्याळ घेऊन. तो ओरडून सांगायचा, ती लिहायची. थंडीनं शाई गोठायची. १७८३ च्या ३१ डिसेंबरला, बर्फातून घाईनं धावताना ती घसरली आणि दुर्बिणीच्या चौकटीचा लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. वर अंधारात भाऊ ‘लवकर कर!’ म्हणत होता. तिला सोडवलं तेव्हा मांसाचा तुकडा आकड्यालाच राहिला. पण ती काही आठवड्यांत परत कामाला उभी!

स्वतःची दुर्बीण

मुलांनो, आता विल्यमचा राग आला ना? थोडं थांबा. ज्यानं तिच्यावर एवढा भार टाकला, त्यानंच तिला हॅनोव्हरच्या स्वयंपाकघरातून बाहेर काढलं होतं. इंग्रजी, संगीत, गणित शिकवलं होतं. आणि १७८३ मध्ये त्यानं तिच्यासाठी एक छोटी दुर्बीण बनवून दिली. खास तिची! पण ती वापरायची कधी? भाऊ घरी नसला तरच.

१७८६ मध्ये विल्यम जर्मनीला गेला होता. त्या दिवसांत, १ ऑगस्टच्या रात्री कॅरोलिनला एक धूमकेतू सापडला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः शास्त्रज्ञांना पत्र लिहून कळवलं. १७८७ पासून राजानं तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. स्वतःच्या मनाप्रमाणे खर्च करता येतील असे तिच्या आयुष्यातले हे पहिले पैसे. तेव्हा तिचं वय होतं सदतीस.

१७८८ च्या मे महिन्यात विल्यमचं लग्न झालं. घराच्या किल्ल्या वहिनीकडे गेल्या आणि कॅरोलिन जवळच भाड्याच्या खोलीत राहायला गेली. तिला हे फार लागलं. त्यानंतरच्या दहा वर्षांच्या रोजनिश्या तिनं स्वतः नष्ट केल्या, इतकं. काम मात्र रोज चालू होतं. आणि आता ही आकडेवारी नीट वाचा. कॅरोलिनच्या नावावर आठ धूमकेतू आहेत. पहिला १७८६ चा. उरलेले सात १७८८ च्या डिसेंबरपासून १७९७ पर्यंतचे. म्हणजे घर चालवण्याचा भार अंगावरून उतरल्यानंतरचे!

१८२८ मध्ये इंग्लंडच्या खगोलशास्त्र संस्थेनं तिला सुवर्णपदक दिलं. १८४८ मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी ती गेली. पुढे वहिनीशी तिचं छान जमलं. पुतण्या जॉन तर तिचा फार लाडका. तोही मोठा खगोलशास्त्रज्ञ झाला.

आता आपल्या घरी

विल्यमनं छंद सोडला असता तर युरेनस त्याच्या हाती लागला नसता. म्हणून ‘घराचं काम आहे, छंद बंद!’ हे काही खरं नाही. पण एकाचा छंद फुलतो तेव्हा त्याचा पसारा, त्याचा खर्च, त्याची न्याहारी कुणीतरी उचलत असतं. ते कोण, हे घरात सगळ्यांना ठाऊक असायला हवं. तेवढं ठाऊक असलं की मार्ग निघतो.

पुढच्या वेळी घरी काम निघालं, किंवा तुमचाच मोठा उद्योग निघाला, तर एवढं करून बघा :

• काम सुरू व्हायच्या आधी सगळे एकत्र बसा. कुठली खोली कधी रिकामी करायची ते कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवा.

• प्रत्येकाला एक खोकं द्या, आजीलासुद्धा! ज्याच्यावाचून अडेल ती छंदाची एकच वस्तू त्यात ठेवायची. हे खोकं माळ्यावर जाणार नाही.

• घरात निदान एक जागा अशी ठेवा, जिथं सगळ्यांना एकत्र जेवता येईल. तिथं हत्यारं नाहीत आणि रंगाचे डबेही नाहीत.

• आपल्या छंदाचा पसारा आपण आवरायचा. ‘आई आवरेल’ हे उत्तर बाद.

• आठवड्यातला एक तास घरातल्या प्रत्येकाच्या नावानं. त्या तासात त्या व्यक्तीला कुणी हाक मारायची नाही. आईच्या तासाला चहा तुम्ही करा. लहान असाल तर बाबांना मदतीला घ्या.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे बरं का! मुलांच्या क्लासच्या वेळा आपल्याला पाठ असतात. पण स्वतःची पेटी, स्वतःचं विणकाम, स्वतःचं बॅडमिंटन कुठल्या वर्षी माळ्यावर गेलं, ते आठवतं का?

आणि दोस्तांनो, शेवटचं एक काम. आज रात्री जेवताना आईला विचारा, ‘आई, तू माझ्याएवढी असताना तुला काय करायला आवडायचं?’ उत्तर ‘काही नाही रे’ असं आलं, तर तेवढ्यावर थांबू नका. पुन्हा एकदा विचारा. मग रविवारी स्टूल घ्या, बाबांना स्टूल धरायला सांगा, आणि माळ्यावर काय काय सापडतंय ते बघा!